पृथ्वीगोलातल्या गोळ्या

१

हे सगळं उघडकीला आलं १९७४ साली. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी आमच्या वाचनालयात एका पुस्तकासाठी पहिल्यांदा नंबर लावावे लागले, आणि त्याच पुस्तकामुळे मला वाचणाऱ्या माणसांचा पहिल्यांदा वीट आला.

वाचनालय होतं एका चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर. ते मी चालवत असे. दोन खोल्या, भिंतभर कपाटं, प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर. अजूनही कुठे खळीचा वास आला की मला ती खोली दिसते, आणि संध्याकाळी पुस्तक बदलायला येणारी माणसंही. त्या काळी माणसं पुस्तकासाठी भांडत. एकमेकांच्या घरी जाऊन, "झालं का हो तुमचं वाचून?" म्हणून तगादा लावत. ते दिवस आठवले की बरं वाटतं. त्या इमारतीतली माणसं आठवली की वाटत नाही.

आदल्या वर्षी त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मास्तर वारले होते.

मास्तर तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. भूगोल शिकवून निवृत्त झालेले, किडकिडीत, बोलायला गमत्ये. एका रविवारी दुपारी ते फिरून आले आणि लिफ्टने वर निघाले. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये वीज गेली. लिफ्ट जुन्या पद्धतीची होती. आत पितळी हँडल बसवायचं, ते फिरवलं की पाळणा चाले. हँडल काढून नेलं की लिफ्ट म्हणजे नुसती पेटी. मास्तरांनी आतून बराच वेळ पत्रा वाजवला. इमारत दुपारची झोपली होती. संध्याकाळी वीज आली, जेवून आलेल्या लिफ्टमनने दार उघडलं, तेव्हा मास्तर त्याच्याच स्टुलावर भिंतीला डोकं टेकून बसलेले होते. अंगात जीव नव्हता.

हँडल लिफ्टमध्येच होतं. झालं, पोलिसांना आणखी काय हवं. लिफ्टमन हँडल आतच विसरून जेवायला गेला, म्हणून म्हातारा माणूस एकटा लिफ्ट चालवायला गेला आणि अडकला. लिफ्टमनवर हयगयीचा खटला भरला. इमारतीने त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं.

तो बिचारा सगळ्यांना एकच सांगत होता. "मी हँडल रोज काढतो, जिना चढून सेक्रेटरीसाहेबांच्या पॅसेजमधल्या खिळ्याला लावतो आणि मगच जेवायला जातो. त्या दिवशीही लावलं होतं."

सेक्रेटरी म्हणाले, "आम्ही काय खिळ्याकडे बघत बसतो?"

खटला वर्षभर रखडला. तोवर ती कादंबरी आली.

२

कादंबरी लिहिली होती सेक्रेटरींच्या मुलाने. सेक्रेटरी त्याचा उल्लेख नेहमी "आमचे चिरंजीव" असा करत, म्हणून सगळी इमारत त्याला चिरंजीवच म्हणे. पंचविशीतला, बारीक अंगाचा, केस कपाळावर, आणि चेहऱ्यावर सतत आपण कुणाला तरी क्षमा करतो आहोत असा भाव. कादंबरीचं नाव मी इथे लिहीत नाही. ती अजून विकली जाते, माझी त्यात भर नको.

विषय हाच. एका इमारतीत लिफ्ट अडकते, आतला म्हातारा ठोठावत राहतो, आणि सुखवस्तू, शिकलेली माणसं आवाज ऐकून कूस बदलतात. पहिलं वाक्य तर त्या वर्षी ज्याच्या त्याच्या तोंडी होतं: "ठोठावणाऱ्याला आम्ही घरात आहोत हे कळू नये, एवढीच आमच्या इमारतीची इच्छा होती."

मध्यमवर्गाच्या मेलेल्या मनावर घणाघात, असं परीक्षणांत आलं. बक्षीस मिळालं. आणि गंमत पाहा, ज्यांच्यावर घणाघात झाला त्याच इमारतीने लेखकाचा सत्कार ठरवला. दुसऱ्या मजल्यावरच्याला वाटे हे तिसऱ्यावर लिहिलंय, तिसऱ्यावरच्याला वाटे दुसऱ्यावर. पुस्तक परत करताना प्रत्येकजण मला म्हणे, "अगदी बरोबर टिपलंय हो यांना."

मास्तरांची मोठी बहीण मोठ्या इस्पितळात मेट्रन होती, आता निवृत्त झालेली. पोलादी बाई. मी त्यांना ताई म्हणत असे. त्यांनीही नंबर लावला होता. नेल्यावर दुसऱ्याच सकाळी त्या पुस्तक घेऊन वाचनालयात आल्या, दार लावून घेतलं आणि एक पान माझ्यासमोर उघडून धरलं.

"हे वाच."

मी वाचलं. लिफ्टमधला म्हातारा गजाआडून शेजाऱ्याच्या हातात घराची किल्ली देतो आणि म्हणतो, "टेबलावर पृथ्वीचा गोल आहे. विषुववृत्तावर पिळलास की उघडतो. आत हृदयाच्या गोळ्या आहेत." शेजारी किल्ली नेतो, कुलपात घालतो, आणि तशीच ठेवून घरी जाऊन झोपतो. हा शेजारी कादंबरीत बँकेत नोकरीला आहे.

"छान कल्पना आहे," मी म्हटलं.

"कल्पना नाही ती," ताई म्हणाल्या. "गोळ्या तिथेच होत्या. माझ्या भावाच्या टेबलावरच्या गोलात."

मी ते पान पुन्हा वाचलं.

"अगं, त्याला हृदयाचं दुखणं आहे हे आदल्या संध्याकाळी कळलं. मीच त्याला डॉक्टरकडे नेलं होतं. गोळ्या मी रविवारी सकाळी आणल्या. तो म्हणाला, कुणाला कळू देऊ नकोस, जिन्यात अडवून अडवून प्रकृती विचारतील. सेक्रेटरीणबाई तर येऊन डबेच उघडतात. म्हणून आम्ही दोघांनी हसत हसत त्या गोलात लपवल्या. नंतर गोल मी घरी नेला, गोळ्यांसकट. मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. बोलून करायचं काय होतं?"

"म्हणजे..."

"म्हणजे गोलाची गोष्ट माझ्या भावाने त्याच दुपारी कुणाला तरी सांगितली. जिवंत असताना, लिफ्टमधून." त्यांनी पुस्तक मिटलं. "आणि मी संध्याकाळी आले तेव्हा त्याच्या दाराला कुलूप होतं आणि कुलपात किल्ली होती. पोलीस म्हणाले, म्हातारी माणसं विसरतात. तेव्हा मी हो म्हटलं. पण कुलूप लावून किल्ली तिथेच ठेवून फिरायला कोण जातं? ती किल्ली कुणीतरी वर आणली."

"कुणी?"

"ते शोधायचंय. आठ दिवसांनी त्या लिफ्टमनची तारीख आहे. त्याला शिक्षा होईल, आणि ज्याने किल्ली आणली तो या सत्काराला पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवेल."

३

कादंबरीत शेजारी बँकेतला, आणि इमारतीत बँकेत एकच माणूस होता. दुसऱ्या मजल्यावरचे. आम्ही त्यांना बँकवालेच म्हणत असू. पुस्तक आल्यापासून त्यांनी खाली उतरणं कमी केलं होतं. भाजीवाला त्यांच्याकडे बघून कुजबुजे, ऑफिसात कुणी त्यांच्या टेबलावर एक किल्ली ठेवून गेलं होतं.

ताईंनी मला बरोबर नेलं. दार वहिनींनी उघडलं. बँकवाले खुर्चीत वर्तमानपत्राआड होते.

"तुम्ही कशाला आलात ते मला कळतंय," ते वर्तमानपत्र न काढता म्हणाले. "सगळे त्याचसाठी बघतात."

"मग सांगून टाका," ताई म्हणाल्या.

"काय सांगू? आवाज ऐकला. ऐकला ना. सगळ्यांनी ऐकला. मला वाटलं, कुणीतरी गेलं असेल. रविवार होता. पण किल्लीबिल्ली मी पाहिलीसुद्धा नाही. त्या कार्ट्याने माझ्यावर काय म्हणून घातलं हे, मला कळत नाही."

"त्याला तसं विचारलंत?"

"काय विचारणार? विचारायला गेलं की लोक म्हणणार, अंगाला लागलं म्हणून विचारतोय."

"आणि खरंच लागलंय," वहिनी आतून म्हणाल्या.

"तू गप्प बस."

"वर्षभर गप्पच आहे मी." वहिनी बाहेर येऊन उभ्या राहिल्या. ताईंकडे न बघता पदराचं टोक चाचपत म्हणाल्या, "हे जाणार होते दार उघडायला. मीच म्हटलं, नको. कारण लिफ्टमध्ये मास्तरांबरोबर कुणीतरी होतं."

ताई खुर्चीच्या कडेला सरकल्या. "कुणीतरी म्हणजे?"

"दोन आवाज होते. मास्तर काहीतरी बोलले, दुसरा हसला. मग धडपड झाली, वरच्या मजल्याची जाळी सरकल्याचा आवाज आला, पावलं वाजली. मला वाटलं, चला, एकजण सुटला, तो आता मदत आणेल. आपण कशाला मध्ये पडा. मग मास्तर वाजवत राहिले तेव्हाही तेच वाटलं. गेलाय ना तो माणूस, येईल."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं नाही."

"वरच्या मजल्याची जाळी. खालची नाही, नक्की?"

"आमच्याच डोक्यावर तर सरकली."

"तो लिफ्टमन तुरुंगात जायची वेळ आलीय, वहिनी. कोर्टात येऊन एवढंच सांगाल? दोन आवाज होते म्हणून?"

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. बँकवाल्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, नीट, चार वेळा.

"कोर्टाच्या भानगडीत आम्ही कधी पडलो नाही, मेट्रनबाई. आणि समजा आम्ही सांगितलं की आवाज ऐकले, तर पहिला प्रश्न काय येईल? मग गेला का नाहीत?" ते उठले. "त्या लिफ्टमनबद्दल मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. तुम्ही चहा घेणार का?"

मी आयुष्यात पुष्कळांच्या घरचा चहा नाकारला आहे. पण तो नाकारताना मी तोंडाने 'नको'सुद्धा म्हटलं नाही, नुसती दाराकडे वळले.

जिन्यात ताई थांबल्या. "हा नव्हे तो," त्या म्हणाल्या. "तो माणूस मधल्या अर्ध्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर चढला. बारीक असणार. या गृहस्थांचं पोट त्या फटीतून जाईल का? आणि आत दोघं होते, म्हणजे लिफ्ट माझ्या भावाने चालवलीच नाही. हँडल त्या दुसऱ्याने आणलं होतं."

मी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर दोनच दारं होती. एक मास्तरांचं.

४

दुसऱ्या दारामागे सत्काराची धांदल चालली होती. सेक्रेटरी टेलिफोनवर कुणाला तरी हारांची संख्या सांगत होते. सेक्रेटरीणबाईंनी आम्हाला बघून इतक्या उत्साहाने बसवलं की ताईंचा भाऊ समोरच्या दारात राहत होता हे त्या विसरल्याच असाव्यात.

"वाचलीत ना? किती हो सोसलंय त्याने लिहिताना. रात्रंदिवस खोलीत."

"कधी सुरू केली लिहायला?" ताईंनी विचारलं. आवाज अगदी साधा, इस्पितळात रुग्णाच्या नातेवाइकाला विचारावं तसा.

"तीच तर कथा आहे. परवा वार्ताहर आला होता त्यालाही मी सांगितली. पहिलं वाक्य त्याला त्याच दुपारी सुचलं, मास्तर गेले त्याच दुपारी. बघा ना, जणू काही कळलंच होतं त्याला. मी चहाला हाका मारतेय, तर हा दाराला कडी लावून बसलेला. म्हणतो, आई, थांब, वाक्य आलंय, जाईल ते. संध्याकाळपर्यंत उठला नाही."

"दुपारी. म्हणजे मास्तर सापडायच्या आधी?"

"आधीच. नंतर बातमी कळली तेव्हा इतका रडला. संवेदनशीलच आहे पहिल्यापासून."

सेक्रेटरींनी फोन ठेवला होता. ते बायकोकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी गोठत होतं. दुपारी कोण जाणत होतं की लिफ्टमध्ये कुणी ठोठावतंय, आणि त्याला आपण घरात आहोत हे कळू नये?

ताईंनी पॅसेजकडे मान वळवली. भिंतीत खिळा होता, रिकामा.

"त्या दिवशी लिफ्टमनने हँडल इथे लावलं होतं का हो?"

"नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"मी बाईंना विचारतेय."

सेक्रेटरीणबाई हातातला रुमाल पुन्हा पुन्हा सारखा करू लागल्या. "रोज लावतो तो. 'हँडल लावलंय हो बाई' म्हणून हाक देतो."

"त्या दिवशी दिली?"

त्यांनी रुमालाची घडी मोडली. मग एकदम रडवेल्या सुरात म्हणाल्या, "सिगारेट आणायला खाली गेला असेल हो तो. तेवढ्याचसाठी घेतो कधी कधी हँडल. तरुण मुलं करतातच. त्यात काय एवढं?"

"आत जा तू," सेक्रेटरी म्हणाले. मग आमच्याकडे वळून, सभेत बोलावं तसं, "हे बघा, ताई. झालं ते झालं. मास्तर परत येणार आहेत का? लिफ्टमनचं म्हणाल, तर त्याच्या वकिलाचा खर्च मी करायला तयार आहे. यात माझा मोठेपणा म्हणून सांगत नाही."

५

चिरंजीव वाचनालयात आला तो संध्याकाळी, सत्काराच्या आदल्या दिवशी. ताईंनी बोलावलं म्हणून. आईने त्याला सगळं सांगितलेलं असणार, पण तो अस्वस्थ दिसत नव्हता. कपाटांवरून बोट फिरवत आला, आपलं पुस्तक कुठे आहे ते पाहिलं, ते बाहेर गेलेलं आहे हे बघून त्याला बरं वाटलं.

"बोला, मावशी," तो मला म्हणाला. "ताई रागावल्यात म्हणे."

"बस," ताई म्हणाल्या. "तू हँडल घेऊन सिगारेट आणायला गेलास. परत येताना खाली माझा भाऊ भेटला, धापा टाकत. तू म्हणालास, चला मास्तर, मी सोडतो. वीज गेली. त्याने तुला गोलाची गंमत सांगितली तेव्हा तू हसलास. मग फटीतून वर चढलास, त्याने किल्ली दिली, तू ती कुलपात घातलीस. इथवर बरोबर?"

त्याने एका पुस्तकाच्या कव्हरचा दुमडलेला कोपरा सरळ केला. मग म्हणाला, "तुम्ही फार चांगलं वाचता."

"पुढे सांग."

"पुढे माझ्या पुस्तकात आहे."

"पुस्तकात तो झोपायला जातो. तू झोपलास?"

"नाही." त्याने कपाळावरचे केस मागे सारले. "तुम्हाला समजणार नाही, पण सांगतो. मी किल्ली घातली. फिरवणारच होतो. खालून ते वाजवायला लागले. आणि मला दिसली, ताई, ती सगळी इमारत दिसली. प्रत्येक दारामागे कोण कसं पडलंय ते. एकही दार उघडलं नाही. आणि वाक्य आलं. पूर्ण. तसं आयुष्यात एकदाच येतं. मी म्हटलं, एवढं लिहून ठेवतो आणि येतो. मग दुसरं आलं."

"आणि माझा भाऊ?"

"मला खरंच वाटलं, कुणीतरी उघडेल. वीस माणसं होती इमारतीत."

मी खिडकी उघडली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"ते गोलाचं कशाला लिहिलंस?" मी विचारलं. "तेवढं गाळलं असतंस तर कुणाला कधीच कळलं नसतं."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच काहीतरी निर्दय बोलले होते. "मावशी, जगाच्या पोटात हृदयाच्या गोळ्या. असं काही हाताला लागल्यावर कुणी गाळतं का?"

"शेजाऱ्याला मात्र बँकेत लावलंस," ताई म्हणाल्या.

"ती कला आहे. आणि मी लपवलं कुठे? सगळं कबूल केलंय की. दोनशे पानं कबुलीच तर आहे ती."

"परवा लिफ्टमनची तारीख आहे. कोर्टात ये आणि हेच सांग."

तो हसला. "मला अडकवून घेऊ? आणि मी नाही आलो तर तुम्ही काय कराल? कादंबरीचं पान दाखवाल? वकील हसतील. वहिनी बोलणार नाहीत. आई तर नाहीच नाही."

त्याचं खरं होतं. ताईंकडे एक गोल होता, थोड्या गोळ्या होत्या, आणि एक खिळा, ज्यावर हँडल होतं असं आता कुणीही सांगणार नव्हतं. लिफ्टमनची बायको त्या आठवड्यात रोज ताईंच्या दारात येऊन उभी राहत होती. बोलत नव्हती, नुसती उभी राहायची.

ताई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. वॉर्डात हिंडताना त्या अशाच बघायच्या, ऐकून आहे, आणि कुणाला काय झालंय ते डॉक्टरच्या आधी ओळखायच्या.

"बरं," त्या म्हणाल्या. आवाज एकदम मऊ झाला. "राहू दे. खरं म्हणजे माझं म्हणणं निराळंच होतं. उद्याचा सत्कार होईल, हार पडतील, लोक घरी जाऊन जेवतील. बक्षिसं दर वर्षी कुणाला तरी मिळतातच. पण असा विचार कर. भरलेलं कोर्ट. एक गरीब माणूस पिंजऱ्यात. सगळे गप्प. आणि मागच्या बाकावरून तू उठतोस. स्वतःहून. ज्याने आपल्या समाजाला आरसा दाखवला तोच म्हणतो, पहिला गुन्हेगार मी. असं आजवर कुठल्या लेखकाने केलंय?"

चिरंजीवाचा टेबलावर ताल धरणारा हात थांबला होता.

"तुला अटकही होईल कदाचित," ताई म्हणाल्या. "नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं..."

"वार्ताहर येतात का कोर्टात?" त्याने विचारलं.

"मी बोलावीन."

तो गेल्यावर ताईंनी नळाखाली हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा.

६

तो आला. पांढरा सदरा घालून, दाढी वाढवून. लिफ्टमनच्या वकिलाने त्याला साक्षीला उभं केलं आणि तो बोलला. इतकं चांगलं बोलला की मी अवाक झाले. किल्ली, जाळी, पत्र्याचा आवाज, सगळं. कुठे थांबायचं हे त्याला बरोबर माहीत होतं. हँडल मीच घेतलं, हे सांगताना त्याचा गळा दाटला. दोन वार्ताहरांनी डोळे पुसले. पाठच्या बाकावर बँकवाले बसले होते, तेही. न्यायाधीशांनी त्याला कडक शब्दांत सुनावलं, ते त्याने मान खाली घालून ऐकलं. ते दृश्यही चांगलं दिसलं.

लिफ्टमन निर्दोष सुटला.

सुटल्यावर काय करायचं ते त्याला कळेना. तो पिंजऱ्यातच उभा राहिला, बायकोने हाताला धरून खाली आणलं. दोघांभोवती कुणीच नव्हतं. सगळे चिरंजीवभोवती होते.

त्याची चौकशी सुरू झाली, पण वडिलांच्या ओळखी होत्या आणि वर्तमानपत्रं त्याच्या बाजूने होती. ती चौकशी वर्ष-दोन वर्षांत विरून गेली. कादंबरीची दुसरी आवृत्ती महिन्याभरात निघाली, तिला त्याची कोर्टातली साक्ष प्रस्तावना म्हणून जोडली होती. प्रामाणिकपणाचं असं उदाहरण विरळा, असं लिहून आलं. पुढे त्याने सात-आठ पुस्तकं लिहिली. संमेलनांतून तो अजून ती साक्ष सांगतो म्हणतात. मी एकदा ऐकायला गेले होते. गळा त्याच ठिकाणी दाटला. मी मधूनच उठून आले.

सेक्रेटरी पुढे बरीच वर्षं सेक्रेटरीच राहिले, बिनविरोध. सेक्रेटरीणबाईंनी मुलाच्या सगळ्या कात्रणांची चिकटवही केली, भेटायला येणाऱ्याला ती दाखवत. बँकवाल्यांनी बदली मागून घेतली. जाताना वहिनी पुस्तक परत करायला आल्या होत्या. म्हणाल्या, "चांगलं झालं ना हो सगळं शेवटी? आमची गरजच पडली नाही." मी पुस्तक घेतलं आणि पावती दिली.

ताई त्यानंतर सहा वर्षं जगल्या. भावाला न्याय मिळाला, असं कुणी म्हटलं की त्या विषय बदलत. एकदाच मला म्हणाल्या, "मी त्या चिरंजीवाला वाचवलं नाही ना गं? मला त्या लिफ्टमनला सोडवायचं होतं. दुसरा रस्ताच नव्हता." मी म्हटलं, नव्हता. मला आजही तसंच वाटतं, आणि तरीही ते आठवलं की तोंड कडू होतं.

वाचनालय मी साठी उलटल्यावर बंद केलं. पुस्तकं एका शाळेला दिली. ती एक सोडून.

लिफ्टमनला इमारतीने परत घेतलं नाही. दरम्यान त्यांनी बटणांची नवी लिफ्ट बसवली होती, त्यामुळे माणूस लागत नाही, असं त्याला सांगण्यात आलं. वर्षभर त्याच्यावर जे आलं त्याबद्दल त्या चार मजल्यांतला एकजण त्याच्याशी दोन शब्द बोलला नाही. ताईंनी ओळखीने त्याला इस्पितळातल्या स्ट्रेचरच्या लिफ्टवर लावलं. तिथून तो निवृत्त झाला.

माझ्या पायाचं हाड मोडलं तेव्हा मला तिथेच नेलं होतं. त्यानेच वर नेलं. केस पिकले होते, पण मला लगेच ओळखलं. मधल्या मजल्यावर कुणी चढत होतं तेवढ्यात त्याने विचारलं, "बाई, ते पुस्तक तुम्ही वाचलंय ना? मला वाचता येत नाही फारसं. त्यात मी आहे का हो?"

मी आठवून पाहिलं. दोनशे पानांत बँकवाला होता, त्याची बायको होती, सेक्रेटरी, म्हातारा, दुधाच्या बाटल्या, दुपारची झोप, सगळं होतं. पण कादंबरीतल्या इमारतीतली लिफ्ट बटणांची होती.

"नाही," मी म्हटलं. "तू कुठेच नाहीस."

"बरं झालं," तो म्हणाला आणि जाळी ओढून घेतली.